उत्तरदात्री क्रमांक सात

आईने तो कागद दोन बोटांनी उचलला, मागची बाजू कोरी आहे ना ते उलटून पाहिलं, पुन्हा सुलटा केला आणि टेबलावरून लेकीकडे सरकवला.

"ह्याच्यावर मी सही करणार नाही."

"आई, साधं संमतीपत्र आहे ते. सगळ्यांकडून घेतात."

"घेत असतील. पण लिहिलंय काय ते वाच की एकदा. मोठ्याने वाच."

लेकीने वाचलं. कागद तिनेच टाइप केला होता, पण आईसमोर मोठ्याने वाचताना तो दुसऱ्या कुणीतरी लिहिल्यासारखा वाटायला लागला. 'आपले नाव व ओळख पूर्णपणे गुप्त ठेवली जाईल. प्रबंधात आपला उल्लेख उत्तरदात्री क्रमांक सात असा करण्यात येईल.'

"गुप्त," आई म्हणाली. "का? मी काय कुणाचं घर फोडलंय?"

"अगं, ते तुझ्याच भल्यासाठी असतं. उद्या कुणी वाचलं, कामावर काही बोललं..."

"बावीस वर्षं त्या शेडमध्ये उभी आहे मी. मला ओळखत नाही असं कोण राहिलंय तिथे? आणि तू, पोटची पोर, मला नंबर देतेस. तोही सात! निदान पहिला तरी द्यायचास."

"तू शेवटी भेटलीस म्हणून सात."

"मी शेवटी भेटले? तुला?"

बाहेरच्या खोलीत बाबा बातम्या लावून बसले होते. घरातल्या भांडणांत ते तटस्थ राष्ट्र होते. त्यांनी टीव्हीचा आवाज थोडा वाढवला आणि आपली भूमिका स्पष्ट केली.

लेक जागतिक अध्ययन या विषयात एम. ए. करत होती आणि दुसरं वर्ष संपत आलं होतं. या पदवीचं नेमकं काय होतं हे घरात कुणाला नीट सांगता येत नसे. शेजारणीने विचारलं, की मुलगी डॉक्टर होणार की वकील, तर आई म्हणायची, "नाही हो, जग शिकतेय ती." शेजारीण म्हणायची, "अगबाई!" आणि विषय तिथेच संपायचा. आईला मात्र आपण चुकीचं काही सांगितलं असं कधी वाटलं नाही. मुलीच्या टेबलावरच्या पुस्तकांवर बहुतेक नकाशेच असत.

प्रबंधाचा मूळ विषय व्यापारी करारांचा होता. तीन महिने त्यात डोकं घालून लेकीने वीस पानं लिहिली. मार्गदर्शक मॅडमनी ती वाचली आणि चष्मा काढून विचारलं, "हे सगळं बरोबर आहे. पण यात तू कुठे आहेस?" लेक गोंधळली. उत्तर सुचेना म्हणून तिने आईच्या कामाचं सांगून टाकलं.

आई जुन्या कपड्यांच्या शेडमध्ये होती. दूरदूरच्या देशांत लोकांनी टाकलेले कपडे गाठी बांधून तिथे यायचे. लांब टेबलांशी बायका उभ्या राहून ते निवडायच्या. चांगलं एकीकडे, मध्यम दुसरीकडे, फाटकं चिंध्यांच्या ढिगात. मग नव्या गाठी बांधून ते आणखी तिसऱ्याच देशांत जायचे. गाठीवर देशाचं नाव नसे, नुसता एक आकडा असे, आणि तो आकडा कुठला हे फक्त सुपरवायझरला माहीत असे. चार नंबरच्या टेबलावर सातजणी होत्या. त्यांना देश ठाऊक नव्हते, म्हणून त्यांनी आपल्या सोयीने माणसांना नावं पाडली होती. ज्यांच्या शर्टांच्या बाह्या आपल्या बोटांच्याही खाली येतात ते लांबहाते. आतल्या बाजूला जादा बटण शिवलेलं असतं, समोरचं बटण तुटतं, तर ते जादा बटण न वापरता शर्टच टाकून देतात ते बटणविसरे. दुकानाची चिठ्ठीसुद्धा न काढता नवाकोरा कपडा टाकतात ते घाईवाले. खिशात चॉकलेटचे कागद, तिकिटं, सामानाच्या याद्या ठेवून देतात ते खिसेभरू. गाठ उघडून वरचे चार कपडे पाहिले, की टेबलावर कुणीतरी ओरडे, "आले गं लांबहाते!" आणि आकडा बघायची गरज उरत नसे.

लेकीला हे लहानपणापासून माहीत होतं, इतकं की त्यात सांगण्यासारखं काही आहे असं तिला वाटलंच नव्हतं. मॅडमनी पेन खाली ठेवलं होतं.

"हा नकाशा कुठल्याच पुस्तकात नाही," त्या म्हणाल्या. "जा आणि आईला विचार."

मग सलग पाच रविवार लेकीने आईला स्वयंपाकघरात समोर बसवलं आणि मध्ये फोन ठेवला. पहिले दोन रविवार वायाच गेले. फोनवरचा लाल ठिपका दिसला, की आईचा आवाज बदलायचा. ती 'सदर कपडे' म्हणायला लागायची आणि 'आमचे वरिष्ठ अतिशय सहकार्य करतात' असं सांगायची. तिसऱ्या रविवारी लेकीने फोनवर पातेल्याचं झाकण ठेवलं, तेव्हा कुठे आई आईसारखी बोलली. बोलली ती अशी, की लेकीला प्रश्न विचारायचे राहूनच गेले. बावीस वर्षं या बाईने जगातल्या माणसांच्या बाह्या, कॉलर आणि खिसे वाचले होते. कुठे माणसं जाड होत चाललीत, कुठे मुलांचे कपडे येणं कमी झालंय, कुठल्या लोकांनी अचानक गरम कपडे टाकायला सुरुवात केली, हे ती न अडखळता सांगत होती. लेकीला आईचा इतका अभिमान वाटला, की एकदा तिने उगीचच पाणी प्यायला उठून तोंड फिरवलं.

टेबलावरच्या बाकी सहाजणींनाही ती भेटली होती. डब्याच्या सुट्टीत, प्रत्येकीला दहा मिनिटं. त्यांना तिने कामाचे तास, पाठदुखी आणि धुळीचा खोकला विचारला. त्यांनी सांगितलं, सह्या केल्या आणि नंबर घेऊन कामाला लागल्या. एकीचीही तक्रार नव्हती. अडली होती ती घरचीच.

"नाव असेल तर सही," आई म्हणाली आणि कागदावर चहाचा कप ठेवून टाकला.

दुसऱ्या दिवशी मॅडमच्या खोलीत लेक ओशाळी होऊन बसली होती. नियम साधा होता. उत्तरदात्यांची नावं छापायची नाहीत, त्यात त्यांचंच संरक्षण आहे. मॅडमनी तो पुन्हा समजावला. लेक मान हलवत आपल्याच प्रबंधाची पानं चाळत होती. चाळता चाळता तिचा हात थांबला. चौथ्या प्रकरणात एका प्राध्यापकांचा आधार होता. जुन्या कपड्यांच्या व्यापाराबद्दल ते तिच्याशी फोनवर वीस मिनिटं बोलले होते, तेवढंच. त्यांचं पूर्ण नाव मजकुरात होतं, मागे संदर्भसूचीतही होतं.

"मॅडम, हे फोनवर बोलले तर हे तज्ज्ञ," ती म्हणाली. "आई पाच रविवार बोलली तर ती क्रमांक सात. असं का?"

मॅडमनी चष्मा काढून पुसला.

"घाल तिला सूचीत," त्या म्हणाल्या. "समितीशी मी बोलते. तिची मात्र लेखी परवानगी हवी. 'नाव छापावे' असं तिच्या हाताने लिहून घे."

त्या संध्याकाळी लेकीने संदर्भसूचीचं एकच पान छापून घरी आणलं. आधी आडनाव, मग स्वल्पविराम, मग नाव. अकारविल्हे लावल्यामुळे आई दोन मोठ्या अभ्यासकांच्या मधोमध आली होती. वरच्यांची जाडजूड पुस्तकं होती आणि खालच्या बाईंना दोन विद्यापीठांनी मानद पदव्या दिल्या होत्या. आईने हात पुसले, चष्मा लावला आणि बोट ठेवत ठेवत ओळीपर्यंत आली. बोट थांबलं.

"ही मी?"

"तूच."

"आणि हे वरचे कोण?"

लेकीने सांगितलं.

"त्यांना कळवलंस का, शेजारी कोण येऊन बसतंय ते?" आई म्हणाली आणि स्वतःच खुदकन हसली. मग तिने तटस्थ राष्ट्राला आत बोलावून घेतलं. बाबांनी पान दिव्याखाली धरून पाहिलं, "छपाई छान आहे," म्हणाले आणि थोडा वेळ तिथेच उभे राहिले. आईने संमतीपत्रावर सही केली. खाली ठसठशीत अक्षरांत 'माझे नाव छापावे' असं लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. पान मात्र परत दिलं नाही. घडी घालून कामाच्या पिशवीत ठेवून दिलं.

पुढचे चार-पाच दिवस लेकीला मान वर करायला फुरसत नव्हती. प्रबंध द्यायची तारीख तोंडावर आली होती. आई गप्प गप्प आहे हे तिच्या लक्षात आलं ते डब्यामुळे. डबा धुवायला घेतला तर तो जड लागला. आत सकाळचं सगळं जसंच्या तसं होतं.

"जेवली नाहीस?"

"भूक नव्हती."

"कालही?"

"कालही नव्हती. काय, डॉक्टरीण झालीस का आता?"

दुसऱ्या दिवशी गाठींचे काही आकडे तपासायचं निमित्त काढून लेक शेडवर गेली. डब्याची सुट्टी झाली होती. चार नंबरच्या टेबलाच्या टोकाशी, रिकाम्या खोक्यांवर सहाजणी गोल करून जेवत होत्या. आई टेबलाच्या दुसऱ्या टोकाला उभी राहून एका कोटाचे खिसे उलटे करत होती. सुट्टीत कुणी खिसे उलटे करत नाही.

"या या," सगळ्यांत वयाने मोठी होती ती म्हणाली. टेबलावर सगळ्या तिला थोरली म्हणत. "अगं सरका गं, पुस्तकवाल्या बाईंची लेक आलीय. बसायला खोकं द्या."

कुणी हसलं नाही. तिथे हसरी नावाची एकजण होती, ती जांभई देतानाही हसायची. तीसुद्धा हसली नाही.

"मावशी, काय झालं?" लेकीने विचारलं.

"कुठे काय झालं? चांगलंच झालं. पान पाहिलं आम्ही. झोकात आहे." थोरलीने डब्याचं झाकण लावलं. "सगळ्यांना नंबर होते, तोवर आमचं काही म्हणणं नव्हतं बघ. सातजणी, सात नंबर. पण एकटीचं नाव येणार म्हटल्यावर विचारावंसं वाटतं. 'लांबहाते' कुणी काढलं, माहीत आहे का तुला?"

लेकीने आईकडे पाहिलं. आईने कोट खाली ठेवला होता.

"हिने काढलं," थोरलीने हसरीकडे बोट दाखवलं. "पहिल्याच आठवड्यात. बाह्या घालून भूत झाली होती, सुपरवायझर किंचाळला होता. 'बटणविसरे' माझं. 'खिसेभरू' त्या चष्मेवालीचं. तुझ्या आईने सांगितलं नाही?"

"मी सांगितलं," आई टेबलाच्या त्या टोकाहून म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "मी 'आम्ही'च म्हटलं होतं. सारखं 'आम्ही म्हणतो, आम्ही म्हणतो' असंच."

आणि ते खरं होतं. लेक घरी जाताना वाटेत कानाला फोन लावून सगळं पुन्हा ऐकत गेली. पातेल्याच्या झाकणाखालून आलेला आईचा आवाज प्रत्येक वेळी 'आम्ही' म्हणत होता. पण आईला सवयच होती तशी. 'आम्ही नाही बाई असल्या साड्या नेसत' म्हणायची तेव्हाही ती एकटीच असायची. लेकीने ते 'आम्ही' तसंच धरलं होतं आणि लिहिताना सगळीकडे सरळ 'ती म्हणते' करून टाकलं होतं. सहा बायकांना तिने पाठदुखी विचारली होती आणि जग फक्त आईला. चूक तिची होती आणि डबे परत येत होते आईचे.

संध्याकाळी आई घरी आली, हातपाय धुतले आणि लेकीच्या शेजारी खुर्ची ओढून बसली. उद्या प्रबंध द्यायचा होता.

"ते पान काढ," ती म्हणाली.

लेकीने संगणकावर संदर्भसूची उघडली. "आई, मी मॅडमशी बोलते. सातही जणींची नावं घालू. एक दिवस उशीर झाला तर झाला."

"विचारलं मी. थोरलीला नकोय. सुपरवायझर तिच्यावर आधीच टपून बसलाय. चष्मेवालीही नको म्हणाली. त्यांना तुमचं ते गुप्तच बरं वाटतं. नाव नको, पण आपल्याला सोडून एकटीने नाव लावावं हेही नको. बरोबरच आहे गं त्यांचं. मीही रुसले असते. मी तर दुप्पट रुसले असते."

"मग काय लिहू?"

"टेबलाचं लिही. टेबल नंबर चार. टेबलाला कोण कामावरून काढणार?"

लेकीला एकदम हसू आलं. संस्थांची नावं सूचीत लेखक म्हणून येतात, मग टेबलाचं का नाही? मॅडमना हे नक्की आवडणार होतं. तिने आईच्या ओळीशी बाण नेला, पण बोट काही खाली जाईना.

"थांब," आई म्हणाली. "एकदा वाचून घेते."

तिने चष्मा लावला आणि स्वतःचं नाव वाचलं. शाळेत हजेरी घेतात तसं, आधी आडनाव, मग नाव, एकेक अक्षर स्पष्ट. मग चष्मा कपाळावर सरकवला.

"कुठलं बटण?"

लेकीने दाखवलं. आईने त्यावर बोट ठेवलं, नुसतं ठेवलं नाही, गाठीला दोर आवळताना लावते तसा जोर लावून दाबून धरलं. आधी नाव गेलं, मग स्वल्पविराम, मग आडनाव.

"आई, सोड, सोड! वरचे प्रोफेसरही चालले!"

आईने हात झटक्यात उचलला. वरच्यांचं अर्धं पुस्तक नाहीसं झालं होतं.

"अगंबाई. घाल त्यांना परत. त्यांनी काय वाकडं केलंय आपलं?"

लेकीने ते परत घातले आणि 'ट'खाली टेबल नंबर चार लिहिलं. आता मजकूर राहिला होता. 'ती म्हणते' जिथे जिथे होतं, तिथे 'त्या म्हणतात' करायचं होतं. अशा एक्केचाळीस जागा निघाल्या. आई उठली नाही. लेक प्रत्येक वाक्य हळू आवाजात वाचत होती, बदलत होती आणि आई दर वेळी "हं" म्हणत होती. लांबहाते झाले, बटणविसरे झाले, घाईवाले झाले. शेवटून दुसऱ्या पानावर लेकीने वाचलं, "'काही गाठींतले कपडे जुने, पण रफू केलेले असतात. रंगाला रंग जुळवून, बारीक टाके घालून, एकेका कोपराला दोनदोन वेळा. ते चिंध्यांच्या ढिगातच टाकावे लागतात, पण टाकण्याआधी ती ते टाके एकदा हाताने चाचपते. या लोकांना ती सोयरे म्हणते.'"

या वेळी "हं" आलं नाही.

लेकीने मान वळवली. आई पडद्याकडे बघत होती.

"हे तेवढं राहू दे," ती म्हणाली. "हे माझं आहे. टेबलावर कुणाला सांगितलेलं नाही मी."

"'ती'च ठेवू?"

"एवढं एक 'ती' असू दे."

"आणि मॅडमनी विचारलं, सगळीकडे 'त्या' आणि इथेच 'ती', ही कोण? तर?"

आईने खुर्ची मागे सारली, उठली आणि लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला.

"सांग, आहे चार नंबरवरची एक."